प्रवेशाचे दार व मावळची मुले

[पुणे येथे ख्रिस्ती महाविद्यालयांच्या प्रवेशविभागांतील मंडळींच्या परिषदेत पाहुणे वक्ते या नात्याने आम्ही केलेले भाषण. धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत ते छापावे असा संपादकमंडळाचा आग्रह पडल्यावरून, बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी गाळून येथे देत आहोत.]



पाहुण्या वक्त्याचा धर्म आपणां सर्वांस ठाऊक आहेच. त्याने वेळेवर यावे, गळ्यात हार घालून घ्यावा, शाल व श्रीफळ यांचा विनयपूर्वक स्वीकार करावा, यजमानांची चार शब्दांत स्तुती करावी, आणि चहा होताच आपल्या वाटेने निघून जावे. आम्हीही यापूर्वी अशा रीतीने काही ठिकाणी गेलो व आलो आहोत. आमच्या कपाटात शालींची एक चळत साठली होती. थंडीच्या दिवसांत त्या वेल्ह्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या अंगावर गेल्या, तेव्हा कोठे आमच्या वक्तृत्वाचे चीज झाले. परंतु आजचे निमंत्रण हाती आले तेव्हा आम्ही थोडे थबकलो. कारण पत्रिकेत आमच्या अलीकडे एक कायदेपंडित, एक संगणकशास्त्रातील तज्ज्ञ व एका नामांकित महाविद्यालयाचे प्राचार्य, अशी तीन नावे होती, आणि चौथे नाव भोर व वेल्हे या डोंगराळ मुलखात फिरणाऱ्या एका धर्मगुरूचे होते. पहिल्या तिघांस आपण का बोलाविले हे उघड आहे. आम्हांस का बोलाविले असावे, याचा विचार करीतच आम्ही कात्रजचा बोगदा ओलांडला; आणि पुण्यात शिरेपर्यंत मनाशी एवढेच ठरले की, प्रवेशाचे दार आपण आतून पाहता, आम्ही ते वर्षानुवर्षे बाहेरून पाहत आलो आहोत; तेव्हा बाहेरच्या बाजूने ते कसे दिसते तेवढेच आज सांगावे.

अशा परिषदांची चाल परदेशात चांगली रुळलेली आहे. उत्तर अमेरिकेत ‘नॉर्थ अमेरिकन कोअलिशन फॉर ख्रिश्चन अ‍ॅडमिशन्स प्रोफेशनल्स’ या नावाची एक संघटनाच आहे. ख्रिस्ती महाविद्यालयांत विद्यार्थ्यांस दाखल करून घेण्याचे काम ज्यांच्या हाती आहे अशी मंडळी तिच्या परिषदेत एकत्र येतात, आणि निरनिराळ्या क्षेत्रांतील वक्त्यांस तेथे पाचारण करण्यात येते. तिकडची स्थिती मात्र आपल्याहून अगदी उलट आहे. तिकडे महाविद्यालये पुष्कळ आणि विद्यार्थी मिळविण्याची चढाओढ मोठी. म्हणून प्रवेशाधिकारी स्वतः शाळाशाळांतून हिंडतो, मुलांस व त्यांच्या आईबापांस भेटतो, आणि आपल्या संस्थेत या म्हणून विनवितो. इकडे प्रवेशाधिकारी खिडकीच्या आत बसतो व विद्यार्थी रांगेत उभा राहतो. तिकडच्या माणसास घराबाहेर काढणारी शक्ती पुष्कळ अंशी गरज असते, निव्वळ प्रीती नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि गरजेने का होईना, तो दाराबाहेर पडतो. आणि बाहेर पडलेल्या माणसास अशा कितीतरी गोष्टी दिसतात की ज्या खिडकीतून दिसत नाहीत.

आज सकाळी विद्वान वकीलसाहेबांनी राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाचे जे विवेचन केले ते आम्ही लक्षपूर्वक ऐकले. अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी तो उचलून धरला. १९९१ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात प्रवेशाच्या बाबतीत आपल्या समाजाच्या मुलांस निम्म्या जागांपर्यंत प्राधान्य देण्यास मान्यता मिळाली. पुढे २००२ साली पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांनी, व २००५ साली आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या इनामदार यांच्या खटल्यात सात न्यायाधीशांनी त्याच्या मर्यादा आखून दिल्या. अगदी अलीकडे, २०२५ च्या मे महिन्यात अकरावीच्या प्रवेशाविषयी शासनाने काढलेल्या निर्णयामुळे अल्पसंख्याक संस्थांतही सामाजिक आरक्षण लागू होऊ लागले, तेव्हा काही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि जूनमध्ये न्यायालयाने त्यास अंतरिम स्थगिती दिली. हे सर्व ऐकून सभागृहात समाधानाची एक लहर पसरली, ती आम्ही पाहिली. त्यात वावगे काहीच नाही. हक्क मिळविला तो टिकविलाच पाहिजे.

परंतु, बंधुभगिनींनो, ज्या जागांसाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलो त्या जागांचे पुढे काय होते, हे आपणांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. अल्पसंख्याक कोट्यातील जागा वर्षानुवर्षे काही ठिकाणी भरतच नाहीत, आणि अखेरच्या फेऱ्यांच्या वेळी त्या मुकाट्याने सर्वसाधारण यादीस परत दिल्या जातात. विद्यार्थी आले नाहीत, असे आपल्या वहीत लिहिले जाते. आम्ही ज्या मुलखातून आलो तेथे आम्हांस असे दिसते की, विद्यार्थी निघाले होते. ते वाटेत राहिले.

ती वाट कशी आहे हे थोडे सांगितले पाहिजे. भोर गाव पुण्याहून पन्नासेक किलोमीटरांवर, जुन्या पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. वेल्हे त्याच्या उत्तरेस, राजगड व तोरणा यांच्या पायथ्याशी. त्या तालुक्यास आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे, परंतु आमच्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच बसलेले आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंडचे खोरे, ही नावे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचली असतील. शिवरायांचे सवंगडी याच खोऱ्यांतले, हे भाषणांतून आम्हांस नेहमी ऐकविले जाते. त्या सवंगड्यांच्या वंशजांस दहावीनंतर कोणत्या गाडीने कोठे जावयाचे, हे मात्र कोणी सांगत नाही. १९२० च्या दशकात बांधून झालेले भाटघरचे धरण आमच्याकडे आहे. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत जाते व तेथला ऊस पिकविते. वरच्या अंगाची आमची खाचरे मात्र आकाशाकडे पाहतात. घाटमाथ्यावरचे केळद घ्या, राजगडामागचे भुतोंडे घ्या, वा वरंध घाटाच्या वाटेवरचे हिर्डोशी घ्या; पाऊस लागला की वीज जाते, विजेपाठोपाठ दूरध्वनीचा संपर्क जातो, आणि दरड कोसळली तर रस्ताही जातो.

आता आमच्या शेतीचे पंचांग व आपल्या प्रवेशाचे पंचांग शेजारी ठेवून पाहावे. उन्हाळ्यात राब भाजून ठेवतात, मृगाच्या सुमारास भात पेरतात, आणि जूनच्या अखेरीपासून जुलैभर चिखलणी व लावणी चालते. या महिनाभरात घरातील लहानथोर प्रत्येक जीव खाचरात वाकलेला असतो. लावणी चुकली तर वर्ष चुकले. आणि नेमक्या याच महिन्यात आपल्या फेऱ्या लागतात: पहिली यादी, दुसरी यादी, कोट्याची यादी, अमुक तारखेस सायंकाळी पाच वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला. तोपर्यंत ती पद्धत मुंबई-पुण्यासारख्या काही शहरांपुरतीच होती. संगणकतज्ज्ञांनी आताच सांगितले की या पद्धतीपुढे सर्व विद्यार्थी समान आहेत. यंत्रापुढे ते समान आहेत, हे आम्ही मान्य करतो. यंत्रापर्यंत पोहोचण्यात ते समान नाहीत.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील बेथेस्दाच्या तळ्याची कथा आपणांस स्मरत असेल. तळ्याचे पाणी मधूनच हाले, आणि ते हालताच जो पहिल्याने उतरेल तो बरा होई, अशी लोकांची समजूत होती. तेथे अडतीस वर्षांचा एक दुखणाईत पडून होता. प्रभू त्यास विचारतो की तुला बरे व्हावयाचे आहे काय. आणि तो सरळ होय असे न म्हणता आपली अडचण सांगतो की, पाणी हालते तेव्हा आपणांस उचलून तळ्यात सोडणारे कोणी नाही, आणि आपण सरपटत जाईपर्यंत दुसराच कोणी उतरतो. सेमिनरीत असताना आम्हांस हा मनुष्य थोडा कुरकुऱ्या वाटे. विचारले काय आणि उत्तर काय! भोर-वेल्ह्यात काही पावसाळे काढल्यावर आम्हांस कळून चुकले की त्याने अगदी नेमके उत्तर दिले होते. तळ्याच्या पायऱ्या सर्वांस मोकळ्या होत्या; कोणासही मज्जाव नव्हता; नियम एकच होता, जो आधी येईल त्याचा. आणि अडतीस वर्षांत तळ्याच्या काठी बसलेल्यांपैकी एकासही असे वाटले नाही की, या नियमात काहीतरी चुकते आहे.

यानंतर कागदांची गोष्ट. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला, तहसीलदाराच्या कचेरीतून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, कोणास नॉन-क्रीमीलेयर, आणि आपल्या कोट्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला व धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचे पत्र. शहरातील सुशिक्षित घरात हे कागद एका पिशवीत तयार असतात. आमच्याकडे एकेका कागदास तालुक्याची एकेक खेप पडते, आणि एका खेपेस एका दिवसाची मजुरी जाते.

त्यातही एक गाठ अशी आहे की ती आमच्याने सुटत नाही. १९५० साली राष्ट्रपतींनी काढलेल्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदान्वये ठराविक धर्माच्या व्यक्तीसच अनुसूचित जातीची म्हणून मानता येते. १९५६ साली तीत शीख व १९९० साली बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. आदिवासींस अशी अट नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते. २०२२ साली केंद्रशासनाने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आयोग नेमला. हे झाले कायद्याचे. प्रत्यक्षात काय होते? एखाद्या घरातील आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु शाळेत नाव घालताना मास्तरांनी जुनीच जात व जुनाच धर्म लिहिला. मुलगा दर रविवारी मिस्साबलीस येतो, वेदीसेवक म्हणून उभा राहतो, आणि शाळेच्या दाखल्यावर तो निराळाच कोणी असतो. तो आपल्या खिडकीशी येतो तेव्हा त्याच्या हातातील दोन कागद एकमेकांशी भांडत असतात. खिडकीमागून प्रश्न येतो, “यातला खरा कोणता?” सोळा वर्षांच्या पोराने चार लोकांदेखत या प्रश्नास काय उत्तर द्यावे? आम्ही असे म्हणत नाही की आपण खोट्या कागदावर प्रवेश द्यावा. आम्ही स्वतः तसे पत्र कधी दिले नाही व देणार नाही. एवढेच म्हणतो की, तो प्रश्न चारचौघांत विचारू नये; मुलास आत बोलावून, दार लोटून, बसवून विचारावा, आणि त्यास कोणती वाट कायद्याने मोकळी आहे ते सांगावे.

दुसऱ्यांस इतके सांगितल्यावर आमचा स्वतःचा अपराध झाकून ठेवणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वेल्ह्याच्या बाजूच्या एका वाडीतील आमच्या श्रद्धावंतांपैकी एक मुलगी दहावीस चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिला शास्त्रशाखेस जावयाचे होते. पुण्यात मावशीच्या घरी राहण्याची सोय होती. आणि एका ख्रिस्ती संस्थेच्या महाविद्यालयात कोट्यातील जागा होत्या. आम्ही मोठ्या हौसेने तिला पत्र लिहून दिले. दोन पाने भरली. तिची धर्मनिष्ठा, तिचा गाता गळा, तिच्या आईचे कष्ट, काहीही गाळले नाही. आणि मराठीची एकंदर सजावटही, खरे सांगावयाचे तर, आम्हांस फार आवडली होती. अखेरच्या दिवशी बाप अर्धी लावणी टाकून, शेजाऱ्याकडून उसने पैसे घेऊन, मुलीस बरोबर घेऊन निघाला. पहाटेच्या गाडीने चेलाडी, तेथून दुसरी गाडी, दुपारच्या आत ते खिडकीशी पोहोचले. कारकुनाने पत्र उलटसुलट पाहिले आणि परत दिले. त्यावर धर्मग्रामाचा शिक्का नव्हता, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील अनुक्रमांक नव्हता. दोन पाने लिहिताना या दोन गोष्टी लिहावयाच्या राहिल्या होत्या.

कारकुनाचा त्यात दोष नव्हता. नियम तसाच होता, आणि नियमाचे कारणही योग्यच होते. बापाने आम्हांस दूरध्वनी लावला. आम्ही त्या वेळी डोंगरापलीकडील एका वाडीत मरणोन्मुख म्हातारीस रुग्णाभ्यंग देत होतो. तेथे संपर्क पोहोचत नाही. पाच वाजेपर्यंत ती दोघे तेथेच थांबली. पाच वाजता यादी बंद झाली. रात्री शेवटच्या गाडीने ती परत फिरली, आणि चेलाडीहून पुढे एका दुधाच्या टेंपोत बसून घरी आली. दुसऱ्या दिवशी बाप पुन्हा खाचरात उतरला, कारण रोप पिवळे पडू लागले होते. पुढे आमच्या कानावर आले की, त्या वर्षी त्या महाविद्यालयातील कोट्याच्या काही जागा रिकाम्याच राहून परत केल्या गेल्या. ही बातमी आम्ही त्या मुलीस सांगितली नाही. सांगावयास हवी होती की नको, याचा निकाल आमच्या मनात अजून लागलेला नाही.

तेव्हा वक्त्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. प्रवेशाच्या कामी जगात आजवर जी भाषणे सफळ झाली त्यांतील कित्येक सभागृहात झालेलीच नाहीत. पुण्यातच एक उदाहरण घडलेले आहे. आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील खानवडी हे ज्यांच्या घराण्याचे गाव, त्या जोतीराव फुले यांस वडिलांनी लोकांच्या सांगण्यावरून शाळेतून काढले व मळ्यात कामास लावले. त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे की, गफार बेग मुनशी नावाचे फारसी-उर्दूचे एक शिक्षक व लिजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ, हे दोघे शेजारी गोविंदरावांकडे गेले आणि मुलास पुन्हा शाळेत घालण्याविषयी त्यांनी त्यांचे मन वळविले. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. ते दोघे गृहस्थ वक्ते म्हणून प्रसिद्ध नाहीत. त्यांस शाल कोणी दिली नसावी. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, एका माळ्याच्या घरी जाऊन बोलले, आणि एक मूल शाळेत गेले. पुढे १८८२ साली हंटरसाहेबांच्या शिक्षण आयोगापुढे याच जोतीरावांनी लेखी निवेदन सादर करून दाखविले की, रयतेच्या कष्टांतून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो व रयतेची मुले अशिक्षित राहतात. मिशनच्या शाळेने एकदा दार उघडले, त्याचे केवढे फळ!

त्याच आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंचीही साक्ष झाली होती. रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या. त्या आमच्या पंथाच्या नव्हत्या, परंतु आमच्या पंथाने त्यांच्यापासून शिकावे असे पुष्कळ आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींस गोळा करून आपल्याकडे घेऊन आल्या. दौंड तालुक्यात केडगाव येथे त्यांचे मुक्तिसदन उभे राहिले ते त्याच सुमारास. त्यांच्या प्रवेशविभागास खिडकी नव्हती. दुष्काळाने मोडलेल्या गावात जाऊन ज्या बाई मुलींचा शोध करतात, त्या मुलीजवळ शाळा सोडल्याचा दाखला आहे काय, असे विचारीत नाहीत.

महाविद्यालयांच्या बाबतीतही हा विचार नवा नव्हे. १९३०-३१ साली ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजचे प्रमुख लिंडसेसाहेब यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ ख्रिस्ती महाविद्यालयांची पाहणी करण्यास हिंदुस्थानात आले होते. ते मंडळ प्रॉटेस्टंट मिशनांचे होते. परीक्षांच्या जात्यात आपली महाविद्यालये भरडली जात आहेत, त्यांनी भोवतालच्या लोकजीवनाचा, विशेषेकरून खेड्यांचा, अभ्यास करावा व ज्ञान तेथवर पोहोचवावे, असा त्यांच्या अहवालाचा रोख होता. आमच्या सार्वत्रिक ख्रिस्तसभेनेही १९६५ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेत ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा काढून, जे द्रव्याने दरिद्री आहेत, ज्यांस घरचा आधार नाही, आणि जे आपल्या श्रद्धेचे नाहीत, त्यांच्याकडे कॅथलिक शाळांनी विशेष लक्ष पुरवावे असे सांगितले आहे. या शेवटच्या शब्दांकडे आम्ही आपले लक्ष वेधतो. आमच्या खोऱ्यांत ख्रिस्ती घरे थोडी. महादेव कोळी, कातकरी, मराठा, बौद्ध अशी सारी वस्ती एकाच पावसात भिजते. आम्ही आज एकट्या आमच्या धर्मग्रामाच्या मुलांसाठी रदबदली करावयास आलो आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये.

आपण पुढील वर्षी पुन्हा परिषद भरवाल, आणि पुन्हा वक्त्यांची यादी कराल. कायदेपंडितांस अवश्य बोलवा; कायदा कळला नाही तर दारच राहणार नाही. परंतु आमच्यासारख्यांच्या जागी जिला बोलवावयास हवे ती व्यक्ती निराळी आहे. ज्या मुलीची गोष्ट आम्ही सांगितली, तिने त्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणी कलाशाखेत नाव घातले. पुढे भोर येथील महाविद्यालयाने तिला पदरात घेतले व ती पदवीधर झाली. आज ती महा ई-सेवा केंद्र चालविते. उत्पन्नाचे, रहिवासाचे, जातीचे दाखले काढून देणे, अकरावीचे अर्ज भरणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे, हाच तिचा व्यवसाय आहे. लावणीच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत तिच्या दाराशी चिखलाच्या पायांची पोरे बसलेली असतात, आणि वीज गेली तर ती मोटरसायकलच्या बॅटरीवर आपले यंत्र चालविते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. प्रवेशाच्या धंद्यातील निष्णात व्यक्ती म्हणून आपण ज्यांस शोधीत असाल त्यांत तिचे नाव आम्ही पहिले घालू. आज आमच्याबरोबर चलण्याविषयी आम्ही तिला परोपरीने सांगितले. ती आली नाही. तिने आमच्यापाशी एक चिठ्ठी दिली आहे, ती जशीच्या तशी वाचून दाखवितो. भाषा आमच्यासारखी भरजरी नाही, याबद्दल क्षमा मागण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

“फादर, नमस्कार. मी येत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत आली आहे. केंद्र बंद ठेवलं तर पोरं माघारी जातील. तुम्ही तिथं एवढं सांगा. कोणते कागद लागतात त्याची यादी निकाल लागल्यावर लावतात. ती दिवाळी झाली की लावा आणि मराठीत लावा, कारण काही दाखले निघायला महिना महिना जातो. यादीखाली फोन नंबर देतात तो कुणी उचलत नाही. उचलणारं माणूस नसेल तर नंबर देऊ नका, आमचा पोरांवरचा विश्वास जातो, पोरं म्हणतात ताई खोटं सांगते. जुलैमध्ये एखादा कागद कमी पडला तर हमीपत्र लिहून घ्या आणि आठ दिवस जागा धरून ठेवा. आठ दिवसांत नाही आला तर द्या दुसऱ्याला, आम्ही काही म्हणणार नाही. आणि मुलीबरोबर बाप आला तर त्याला बसायला खुर्ची द्या. माझे आप्पा त्या दिवशी चार तास उभे होते. त्यांच्या पायाला चिखल होता म्हणून ते स्वतःहून बाकावर बसले नाहीत, आणि कुणी बसा म्हटलं नाही. बाकी तुम्ही बोलालच.”

चिठ्ठी येथे संपते. तिने सांगितलेल्या गोष्टींपैकी एकीसही न्यायालयाची परवानगी लागेल असे आम्हांस वाटत नाही; आठ दिवस जागा धरून ठेवण्याविषयी नियम आड येत असेल तर वकीलसाहेब येथे बसलेले आहेत, त्यांस आताच विचारून घ्यावे.

आमची एकच विनंती उरली आहे. आमच्याकडे आता भात झोडून घरात आलेले आहे; माघ महिन्यात माणसांस थोडी उसंत असते आणि रस्तेही कोरडे असतात. आपल्यापैकी ज्यांस शक्य असेल त्यांनी एका रविवारी भोरास यावे. मिस्साबलीनंतर दहावीची मुले व त्यांचे आईबाप यांस आम्ही थांबवून ठेवू. इतर समाजांतील मुलांसही तिच्या केंद्रातर्फे निरोप जाईल. भाकरी, पिठले व नव्या आंबेमोहराचा भात एवढी व्यवस्था आमच्याकडे लागली. हार व शाल यांची व्यवस्था होणार नाही. पहाटे स्वारगेटहून निघणारी गाडी धरल्यास मिस्साबलीच्या वेळेस पोहोचता येते. येताना कागदांची यादी मराठीत करून आणावी, आणि महाविद्यालयाचा शिक्का बरोबर असू द्यावा. आमचा आम्ही आता नेहमी झग्याच्या खिशातच ठेवतो.